पद्मिनीच्या बदली पद्मिनी शोधताना

पत्र: माझ्या वडिलांनी १९८६ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या गुहागरच्या घरी आहे. वडील गेल्यापासून मीच ती चालवते. गेल्या पावसाळ्यानंतर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गळाला आणि चटई उचलली की खालचा रस्ता दिसायला लागला. गॅरेजवाले म्हणतात, "वरून पत्रा मारून देतो, पाच वर्षं बघायला नको." पण जॅक लावला की ड्रायव्हरच्या बाजूचं दार नीट लागत नाही, हे मला खटकतंय. भावाचं म्हणणं, भंगारात देऊन टाक आणि आजची एखादी छोटी गाडी घे. आई ऐंशीच्या पुढची आहे, गुडघे धरलेत. पुढच्या सलग सीटमुळे तिला याच गाडीत सुखाने बसता-उतरता येतं, म्हणून मला अशीच दुसरी पद्मिनी हवी आहे. मुंबईत एक विकायला आहे, नुकताच नवा रंग मारलेली, फोटोत कोरी दिसते. मालक म्हणतात, आजच टोकन पाठवा, मागे दोन गिऱ्हाईकं आहेत. आमचे मेस्त्री म्हणतात, ती आणा, तिच्यावर तुमच्या बाबांच्या गाडीचा नंबर आणि कागद चढवू, म्हणजे गाडी बाबांचीच राहील. काय करू?

उत्तर:

ताई, टोकन पाठवू नका. बाकीचं सविस्तर सांगतो, पण हे आधी.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट भोक पडल्याची नाही, जॅक लावल्यावर दार लागत नाही ही आहे. पद्मिनीला ट्रक-जीपसारखी वेगळी चॅसी नसते. तळाचा पत्रा, दाराखालून जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पोकळ पट्ट्या (गॅरेजमध्ये त्यांना सिल म्हणतात), खांब आणि छत हे सगळं मिळून एकच सांगाडा होतो, आणि गाडीचं वजन तोच पेलतो. जॅकवर घेतल्यावर दाराची फट बदलते याचा अर्थ सिल आतून खाल्ली गेली आहे आणि गाडी मधून वाकते आहे. अशा गाडीला वरून पत्रा मारला तर भोक झाकलं जाईल, ताकद येणार नाही. गंजलेल्या पत्र्याच्या कडेला वेल्डिंग धरतही नाही. त्या उष्णतेने आजूबाजूचा रंग आतून जळतो आणि पुढच्या पावसाळ्यात भोकाच्या शेजारी दुसरं भोक पडतं.

याची दुरुस्ती होतच नाही असं नाही. दारांच्या चौकटीत आधार बांधून, निरोगी लोखंड लागेपर्यंत गंज कापून काढायचा, दोन्ही सिल नव्याने वाकवून घ्यायच्या, सीओटू वेल्डिंगने जोडायच्या आणि मग तळ बसवायचा. हे काम मन लावून करणारे डेंटर आहेत, पण थोडे. कामाला महिने लागतात आणि बिल चांगल्या पद्मिनीच्या किमतीच्या पुढे सहज जातं. वडिलांची हीच गाडी राखायची हाच हेतू असता तर मी तुम्हाला हा खर्च करायला सांगितलं असतं, आनंदाने सांगितलं असतं. पण तुम्हाला आईला दवाखान्यात, देवळात, भाचीच्या लग्नाला नेता येईल अशी गाडी हवी आहे. तेव्हा बदली शोधायचा तुमचा विचार योग्य आहे. तोवर या गाडीत आईला बसवू नका. समोरून जरा धक्का बसला तरी कुजलेली सिल काहीच अडवणार नाही.

आता मेस्त्रींची सूचना. त्यांची भावना चांगली आहे, पण हे काम कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. चॅसी नंबर त्या सांगाड्याच्याच पत्र्यावर कोरलेला असतो. आरटीओत रिपासिंगच्या वेळी त्याच नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात आणि तो आरसीशी ताडून बघतात. एका गाडीचे कागद दुसरीला चढवायचे म्हणजे नंबराचा तुकडा कापून जोडायचा, नाहीतर नंबर घासून नवा ठोकायचा. चोरीच्या गाड्यांचं हेच करतात, आणि पकडल्यावर तुमचा हेतू कोणी विचारत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल ते वेगळंच. बाबांची आठवण नव्या गाडीत न्यायला कायदेशीर वाटा आहेत, त्या पुढे सांगतो.

मुंबईच्या त्या गाडीकडे येऊ. ती वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण जुनी गाडी विकण्याआधी जो नवा रंग मारला जातो तो बहुतेक वेळा खालची लांबी (खड्डे-भोकं बुजवायला भरलेला पुट्टीसारखा लेप) झाकायला. लांबीचा थर किती जाड आहे हे डोळ्यांना कळत नाही, लोहचुंबकाला कळतं. छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळा आणि मडगार्डच्या खालच्या कडा, दारांचे तळ, सिल, डिकीचा तळ, पुढच्या काचेखालचा पट्टा यांवरून फिरवा. पत्रा असेल तिथे ते चिकटतं, लांबी किंवा फायबर असेल तिथे गळून पडतं. मग चटया उचला. चटईखाली जाड नमदा (फेल्टचा थर) असतो. तो ओला लागला किंवा कुबट वास आला तर खालचा पत्रा कसाही दिसो, त्याचं आयुष्य संपत आलंय. गाडीखाली जाऊन जाड स्क्रूड्रायव्हरने तळ आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) जिथे सांगाड्याला अडकतात त्या जागा टोचून बघा. मालकाला राग आला तर येऊ द्या. चांगल्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर घुसत नाही. ताजं काळं डांबर फासलेला तळ दिसला तर जास्तच सावध व्हा. आणि शेवटी तुमची स्वतःची जॅकची परीक्षा. दोन्ही बाजूंना आळीपाळीने जॅक लावून चारही दारं उघडा-मिटा. ती तुम्हाला आता कोणी शिकवायला नको.

मुंबईची पद्मिनी म्हटलं की आणखी एक शक्यता असते, ती पूर्वी टॅक्सी असण्याची. शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. मधल्या काळात किती गाड्यांनी काळा-पिवळा रंग उतरवून नवा रंग चढवला असेल, कोण सांगणार. टॅक्सीचं पूर्वायुष्य लपवता येत नाही. दाराच्या बिजागरीशी, डिकीच्या रबराखाली, छताच्या आतल्या कापडाची कड जरा खेचली तर तिथे पिवळा किंवा काळा रंग हमखास सापडतो. पुढे डाव्या बाजूला, जुना मीटर जिथे बाहेर लावलेला असे तिथली बुजवलेली भोकं बोटाला लागतात. छतावर कॅरिअरच्या खुणा असतात. टॅक्सी होती म्हणून गाडी फेकून द्यावी असं नाही, पण रात्रंदिवस पळालेल्या सांगाड्याला एकाच मालकाच्या घरगुती गाडीची किंमत द्यायची नाही.

माझं सांगणं थोडक्यात असं की पत्रा आणि कागद या दोनच गोष्टींवर गाडी निवडा. इंजिन, रंग, सीट, क्रोम यांच्याकडे पाहून भुलू नका आणि त्यांच्यावरून नाकारूही नका. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन इतकं साधं आहे की चांगला मेस्त्री ते उघडून पुन्हा उभं करतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्लच प्लेट, सोलेक्स कार्बोरेटरचा किट असं सामान मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याच्या बाजारात, पुण्यात नाना पेठेत विचारत फिरलं की अजून हाती लागतं. कुजलेला सांगाडा मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. बंद पडलेली, रंग उडालेली, सीट फाटलेली पण कोरड्या तळाची गाडी मिळाली तर ती चकचकीत गाडीपेक्षा कितीतरी मोलाची.

अशी गाडी किनाऱ्यावर शोधू नका. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि बारा महिने खारा वारा. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पत्रा उन्हाळ्यातही पूर्ण सुकत नाही. सोलापूर, अहिल्यानगर, जालना, सांगलीचा पूर्व भाग, मराठवाड्यातली तालुक्याची गावं इकडे बघा. डॉक्टर, वकील, पेढीवाले यांच्या वाड्यांत अशा गाड्या अजून उभ्या असतात आणि मुलं परदेशी गेलेली असतात. देशावरच्या गाडीचं नुकसान उन्हाने होतं. डॅशबोर्ड तडकतो, रबरं विटतात, रंग पांढरा पडतो. हे सगळं दुरुस्त होतं. फक्त पुराचं पाणी खाल्लेली गाडी नको. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं तेव्हा कित्येक गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. दाराचं आतलं पॅनेल काढून बघा. आत मातीची आडवी रेघ दिसली तर परत फिरा.

कुठल्या सालची घ्यावी? कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनत होती, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. म्हणजे सर्वांत तरुण पद्मिनीही आज पंचविशीची आहे. तुम्हाला ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतची बघा असं सांगेन, आणि त्याचं कारण तुमच्या आई आहेत. शेवटच्या काळातल्या काही गाड्यांत गिअरची दांडी स्टिअरिंगजवळून खाली जमिनीवर आली आणि पुढे दोन सुट्या सीट आल्या. मग आईंना सरकत आत बसायची जी सोय आहे ती जाईल. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, गिअर वर की खाली? पद्मिनीच्या डिझेलवरच्या १३७ डी मॉडेलच्या वाटेला जाऊ नका, तिचं सामान मिळवताना जीव जाईल.

पद्मिनीचा हट्ट थोडा सैल करता येत असेल तर दोन हजार सालानंतरची अॅम्बेसेडर बघायला हरकत नाही. ती उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे वयाने लहान मिळू शकते, आणि तिचं दार पद्मिनीपेक्षा मोठं, सीट उंच. मात्र ती लांब-रुंद आहे. गुहागरच्या पाखाड्यांत (अरुंद वाटांत) आणि तुमच्या बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, तोंडातून ती वळेल का, हे आधी टेप घेऊन मोजा. भावाने सुचवलेली आजची छोटी गाडी मी धुडकावत नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, एअरबॅग नाहीत. रोज चिपळूणला जा-ये असेल तर त्यासाठी वेगळी आधुनिक गाडी ठेवा आणि पद्मिनी गावातल्या गावात, दिवसाउजेडी, बेताच्या वेगाने चालवा. आईच्या प्रेमापोटी तुम्ही पद्मिनी घेत असलात तरी हे सांगणं टाळता येत नाही.

कागदांबद्दल. गाडी बघायला जाण्याआधी मालकांकडून आरसीचा फोटो मागवा आणि एम-परिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून बघा. मुदत कधीपर्यंत आहे, बँकेचा बोजा उतरलाय का, नोंदणी रद्द तर झाली नाही ना, चलनं किती थकली आहेत, हे तिथे कळतं. जुनी पुस्तकी आरसी असेल तर गाडी ऑनलाइन सापडणारच नाही. तेव्हा मालकांनी त्यांच्या आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री (जुन्या नोंदीची संगणकात भर) करून घ्यायला हवी. हे काम विकणाऱ्याचं आहे, घेणाऱ्याचं नाही. "नंतर होऊन जाईल" म्हणणाऱ्याला तुम्हीही "मग पैसेही नंतर" म्हणा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. ती संपलेली असेल तर पासिंग करून द्यायची जबाबदारी कोणाची हे व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. २०२२ च्या एप्रिलपासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० झालं. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. ही रक्कम गाडीच्या किमतीत धरूनच बोलणी करा. गाडी तुमच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि दुसऱ्या जिल्ह्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, हे हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

कोणी तुम्हाला पन्नास वर्षांपूर्वीची गाडी "व्हिंटेज नंबरवर" देऊ करेल. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हीए मालिकेचे नंबर मिळतात हे खरं. पण त्या गाड्या प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरत्याच रस्त्यावर आणता येतात. आईला दवाखान्यात न्यायला त्या चालत नाहीत. संग्राहकांसाठी तो नियम उत्तम आहे, तुमच्यासाठी नाही.

गाडी पसंत पडली तर व्यवहाराआधी शेवटची एक परीक्षा घ्या, पाण्याची. दारं-काचा लावून पाइपने पुढच्या-मागच्या काचेवर आणि छतावर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा. मग चटया उचलून हात फिरवा. काचेचं रबर गळत असेल तर पाणी डॅशबोर्डमागून थेट पायाशी येतं. तुमच्या गाडीचा तळ याच वाटेने गेला असण्याची शक्यता मोठी आहे. रबर बदलायचा खर्च किरकोळ असतो, न बदलण्याचा खर्च तुम्ही आज सोसताय.

गुहागरात आणल्यावर तिला जपायचं कसं? दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजतात, आत पाणी साचतं आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेर रंगाला फोड येईपर्यंत आतलं सगळं गेलेलं असतं. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात मधून मधून तारेने ती भोकं मोकळी करा. सिलच्या पोकळीत गंजरोधक मेणाचा फवारा मारून घ्या. चटईखालचा नमदा काढूनच टाका, थोडा आवाज वाढेल, चालतो. गाडीवर प्लॅस्टिक घालू नका, आतली वाफ अडकते. चिऱ्याच्या शेडला दोन्ही बाजूंनी वारा खेळू द्या आणि खाली ओली माती असेल तर कोबा करून घ्या. समुद्राच्या वाळूवर गाडी नेऊ नका. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडालेच तर त्याच दिवशी तळ गोड्या पाण्याने धुवा. आणि पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे. इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, कार्बोरेटरची पॅकिंग हे जुन्या रबराचं सामान त्याने फुगतं किंवा तडकतं. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकून घ्या, पेट्रोलची गळती म्हणजे आगीशी गाठ. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून टाकीत महिनोन्महिने तेच पेट्रोल ठेवू नका.

आता बाबांची गाडी. पत्रावरून वाटतं की ती अजून त्यांच्याच नावावर असेल. तसं असेल तर भंगारात द्यायच्या आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या, म्हणजे आईच्या किंवा तुमच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागेल, त्यावर भावाची सही घ्या. मग ती सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रालाच द्या, ठेवीचं प्रमाणपत्र (गाडी तिथे जमा केल्याचा दाखला) घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला कागदांसकट गाडी दिली तर तो नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरताना दिसेल आणि पोलीस तुमच्या दारात येतील.

देण्याआधी काय काढून घ्यायचं ते केंद्राशी बोलून ठरवा. पुढची सीट आख्खी काढा, स्प्रिंगा चांगल्या असतील तर तीच नव्या गाडीत बसवा, आईला बसल्याबसल्या ओळखू येईल. स्टिअरिंगचं चाक, स्पीडोमीटर, त्रिकोणी काचा, ग्रिल, मागचे दिवे, दाराची हँडलं हे सामान दुर्मीळ होत चाललंय. नव्या गाडीत चालेल ते लावा, उरलेल्या सामानाला तेलाचा हात लावून, ते कोरड्या कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. यातल्या कशालाच परवानगी लागत नाही. इंजिन मात्र बदलू नका. बदललंच तर आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि तुमच्या नव्या गाडीचं इंजिन ठीक असेल तर त्या खटपटीत पडायचं कारण नाही.

मुंबईच्या मालकांना आज एवढंच लिहा: चटया उचलून चारही तळांचे, गाडीखालून दोन्ही सिलचे आणि चॅसी नंबरचे फोटो पाठवा, आरसीची दोन्ही पानं पाठवा, मग बघायला येते. पाठवले तर लोहचुंबक घेऊन जा. नाही पाठवले तर सोलापूरकडच्या ओळखीच्यांना फोन लावायला सुरुवात करा आणि मधल्या वेळात फॉर्म ३१ चं काम मार्गी लावा. वारसांच्या कागदांना वेळ लागतो, ते आधी सुरू झालेलं बरं.